पगारातला ठरावीक हिस्सा द्यायचाय, नेमका कुठे द्यावा?

भांडुपकर

नमस्कार मंडळी,

भांडुपला राहतो, पवईत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. बाबांनी घेतलेलं घराचं कर्ज यंदा फिटलं. हप्त्यातला माझा वाटा मोकळा झाला, त्यातले महिन्याला पाच हजार दुसऱ्यांसाठी काढायचे ठरवलंय. लग्न व्हायचंय, पुढे खर्च वाढणार हे कळतं. म्हणूनच आत्ता सवय लागावी असं वाटतं.

आमच्या घरात देणं नवीन नाही. आई मंडळाची वर्गणी कधी चुकवत नाही, बाबा दर मे महिन्यात गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देऊन येतात. ते चालूच राहील, त्यात मला काही बदलायचं नाही. प्रश्न या पाच हजारांचा आहे.

फोन उघडला की कुणाच्या तरी बाळाच्या ऑपरेशनची जाहिरात येते. नाकात नळी, खाली लाल पट्टी, 'फक्त दोन दिवस उरले'. अशा बऱ्याच ठिकाणी मी पैसे भरलेत. पुढे त्या बाळांचं काय झालं ते कधी कळलं नाही. ऑफिसतर्फे वर्षातून एकदा महापालिकेच्या शाळेत श्रमदानाला नेतात. आम्ही वर्गाच्या भिंती रंगवल्या, त्यावर झाडं-फुलपाखरं काढली. यंदा गेलो तर त्याच भिंती मधल्या काळात दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी येऊन रंगवून टाकलेल्या. त्याच दिवशी चौथीतल्या एका मुलाला फळ्यावरचं वाक्य वाचायला सांगितलं. त्याला 'पाऊस' हा शब्दही जुळवता आला नाही. ते डोक्यातून जात नाही.

इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमबद्दल अलीकडे वाचलं. मदत करायचीच तर हिशेब मांडून, पुरावा बघून, जिथे तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त भलं होतं तिथे करा, असा तो विचार. मनापासून पटला. पण सगळे आकडे डॉलरमध्ये आणि कामं बहुतेक आफ्रिकेतली. माझ्या खिडकीतून खिंडीपाड्याची वस्ती दिसते. ती सोडून नायजेरियाला पैसे पाठवायचे का? इथून पाठवता तरी येतात का? काही जण तर सांगतात, नोकरीच बदला. मुंबईत राहणाऱ्या, बेताचा पगार असलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं.

ठाणे स्लो

चांगला धागा. आधी थोडी पार्श्वभूमी देतो.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. त्या काळात पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला, तो १९७२ मध्ये छापून आला. त्यातला दाखला साधा आहे: वाटेत उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर आपले कपडे खराब होतील म्हणून कुणी मागे राहत नाही. मग तेच मूल हजारो मैल दूर असलं तर जबाबदारी कमी कशी होते? पुढचं सगळं या प्रश्नातून निघालं. आणि तो प्रश्न आपल्याच सीमेवरच्या छावण्यांमुळे विचारला गेला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेत हेज फंडात काम करणाऱ्या होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड यांना देणगी द्यायची होती. कोणती संस्था खरोखर उपयोगी पडते याची माहितीच मिळेना, म्हणून त्यांनी गिव्हवेल काढली. गिव्हवेल आज मोजक्या चार कामांची शिफारस करते: मलेरियाच्या मच्छरदाण्या, पावसाळ्यात लहान मुलांना मलेरियाची प्रतिबंधक औषधं, 'अ' जीवनसत्त्व, आणि उत्तर नायजेरियात बाळाची लस पूर्ण करणाऱ्या पालकांना थोडी रोख रक्कम. त्यांच्या अंदाजाने यात साधारण तीन ते साडेपाच हजार डॉलरमध्ये एक जीव वाचतो. २००९ मध्ये ऑक्सफर्डला टोबी ऑर्ड आणि विल मॅकअस्किल यांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा आयुष्यभर देण्याची प्रतिज्ञा सुरू केली. २०११ मध्ये '८०,००० अवर्स' आली. चाळीस वर्षांच्या नोकरीतले एवढे तास कशावर घालवायचे, हा त्यांचा विषय. नोकरी बदला असं तुम्ही वाचलंत ते तिथलंच असणार. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

काम निवडताना ही मंडळी तीन गोष्टी बघतात. प्रश्न किती मोठा आहे, त्यावर आधीच किती लोक आणि पैसा लागलाय, आणि जोर लावला तर तो हलतो का. मी स्वतः त्या दहा टक्क्यांच्या प्रतिज्ञेआधी घेता येणाऱ्या एक टक्क्याच्या चाचणी प्रतिज्ञेपासून सुरुवात केली, मग दर पगारवाढीला वाढवत नेलं. पगारवाढीतूनच काढलं तर घरी ओढाताण होत नाही.

पैसे परदेशात पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत देणगीही बसते. करसवलत मात्र मिळत नाही आणि छोट्या रकमेवर बँकेचे चार्जेस अंगावर येतात. महिन्याला पाच हजारांसाठी तो मार्ग मला जड वाटतो.

व्हाउचर

भांडुपकर, मी लहान-मोठ्या धर्मादाय ट्रस्टांची ऑडिटं करते, कुर्ल्यापासून पालघरपर्यंत. माझ्या टेबलावरून काय दिसतं ते सांगते. तुमच्या भिंतीचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

जून-जुलैच्या फायली उघडल्या की वह्यांची बिलं निघतात. शंभर पानी, दोनशे पानी, डझनाचा भाव, टेम्पोभाडं, बॅनर, फोटोग्राफर, चहा-वडापाव. सगळं चोख, पावतीला पावती, मी सही करते. पण त्याच हंगामात वाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचं नाव मला वेगवेगळ्या ट्रस्टांच्या फायलींत दिसलंय. मुख्याध्यापकांची आभारपत्रंही एकाच मजकुराची, फक्त ट्रस्टचं नाव आणि तारीख बदललेली. वह्या खरोखर पोचल्या, कुणी कुणाला फसवलं नाही. डिसेंबरात तेच ब्लँकेटचं. पैसा कुठे गेला हे मी पाच मिनिटांत सांगू शकते. त्यामुळे त्या मुलांना जास्तीचं काय आलं, हे फायलीत कुठेच नसतं आणि कायद्याने ते विचारायची सोयही नाही. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, अनुसूची नऊ म्हणजे जमाखर्च, ती वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे गेली की वर्ष संपलं. देणगीदारही एवढंच विचारतात: पैसे खाल्ले नाहीत ना? मला इफेक्टिव्ह अल्ट्रुइझममधलं जे मोलाचं वाटलं ते हेच, की तिथे लोक पुढचा प्रश्न विचारतात. हे पैसे नसते तर काय वेगळं झालं असतं? आणि ते तुम्हाला कशावरून कळलं?

आता तुमचा चौथीतला मुलगा. त्याच्यासाठी नायजेरियाला जायची गरज नाही, त्याचं उत्तर मुंबईतच शोधलं गेलंय. प्रथम ही संस्था नव्वदच्या दशकाच्या मध्यावर याच शहरातल्या वस्त्यांमधून सुरू झाली. त्यांचा 'बालसखी' कार्यक्रम होता. वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिला थोडं मानधन, आणि तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायचं, त्यांना येतंय तिथून पुढे शिकवायचं. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये याची रीतसर चाचणी झाली. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, मग दोन्हीकडची मुलं तपासली. मुलं सुधारली, आणि सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त सुधारली. ही चाचणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. त्यांना मायकल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचाच. आणि क्रेमर यांनी केनियात सहकाऱ्यांबरोबर शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट देऊन पाहिलं होतं: सरासरी गुण वाढलेच नाहीत, आधीपासून हुशार असलेल्या मुलांना तेवढा फायदा झाला. बाकीच्यांना ती पुस्तकं वाचताच येत नव्हती. हे वाचल्यापासून वह्यांच्या बिलांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

एक हिशेब मला फार आवडतो, तो जरा सविस्तर सांगते. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था आहे. तिथल्या गावांत लसीकरण पूर्ण झालेली मुलं होती जेमतेम ६ टक्के. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, न चुकता लसीकरणाचं शिबिर भरवायला सुरुवात केली, तिथे आकडा १८ टक्क्यांवर गेला. आणखी काही गावांत शिबिर तेच, फक्त दर लसीला आईच्या हातात एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झालं की स्टीलच्या थाळ्या. तिथे ३९ टक्के. आता खर्च बघा. डाळ-थाळ्यांचा खर्च जास्तीचा, म्हणजे हे महाग पडणार असं कुणालाही वाटेल. उलट झालं. नुसत्या शिबिरात लसीकरण पूर्ण झालेल्या दर मुलामागे २,२०२ रुपये पडले, डाळ देऊन १,१०२. नर्सचा दिवसाचा पगार, गाडी, बर्फाची पेटी हा खर्च मुलं दहा आली काय नि तीस आली काय, तेवढाच. डाळीने गर्दी आणली आणि तो खर्च वाटला गेला. मी ऑडिट करत असते तर 'लाभार्थ्यांना भेटवस्तू' या सदराखालची डाळ पाहून कदाचित शेरा मारला असता! म्हणून सांगते, संस्थेला 'प्रशासकीय खर्च किती टक्के' एवढंच विचारून थांबू नका. दर रुपयामागे काय झालं ते विचारा.

आणि महाराष्ट्रात तर याचा उत्तम धडा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे काम आणि शेजारची ४७ गावं तुलनेला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर, आणि दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार करून बघा, शंभर डॉलरच्या आत एक जीव. इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम हे नाव तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. वजनकाटा, प्रशिक्षण, दर पंधरवड्याला जाऊन तपासणारा पर्यवेक्षक, हा सगळा खर्च ताळेबंदात 'प्रशासकीय' म्हणूनच दिसला असता.

तेव्हा परदेश की खिंडीपाडा हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवत बसू नका. विषय एक घ्या. तुम्हाला वाचन सलतंय, तर वाचन. त्यावर काम करणाऱ्या दोन-तीन संस्थांशी बोला, आणि ज्यांना आपल्या कामाचं उत्तर आकड्यांत देता येतं त्यांना किमान वर्षभर द्या.

नायगावकर

सगळ्यांचा आदर ठेवून विरोधात लिहितो.

या चळवळीच्या मोठ्या देणगीदारांपैकी एक सॅम बँकमन-फ्रीड होता. भरपूर कमवा आणि दान करा, हा मंत्र त्याने उचलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची एफटीएक्स ही क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांची कंपनी बुडाली, लोकांचे पैसे वापरल्याचं कोर्टात सिद्ध झालं, मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. शेवट चांगला असला की साधन कसंही चालतं, अशी सवय हिशेबाने लागते, ही माझी भीती आहे. शिवाय त्यांच्यातले बरेच जण आता हजार वर्षांनंतरच्या माणसांची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची काळजी करतात. आजचा उपाशी माणूस त्यात कुठे बसतो?

दुसरं. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलला आलेले बाहेरगावचे पेशंट तिथे राहतात. माझे वडील निवृत्तीनंतर तिथे जात, लोकांना केसपेपर काढायला, रांगेत उभं राहायला मदत करत. कॅन्सरच्या पेशंटला परळच्या फुटपाथऐवजी छप्पर मिळालं, याचा दर जीवामागे किती डॉलर काढायचा? तुमच्या कोष्टकात ही धर्मशाळा खालच्या नंबरला जाईल. मला ते मान्य नाही.

आणि चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही ही महापालिकेची जबाबदारी आहे. कर भरतो आपण. पाच हजार देऊन तो प्रश्न झाकला जातो. ते पाच हजार मागणी करणाऱ्यांच्या मागे का उभे करू नयेत?

भांडुपकर

नायगावकर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. आणि व्हाउचर ताई, डाळीचा हिशेब मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, डाळ कोण सोडेल!

ताई, एक शंका. गडचिरोलीत, उदयपूरला चाललं ते मुंबईत चालेल हे कशावरून? आणि नायगावकरांच्या शेवटच्या मुद्द्याला तुमचं उत्तर काय?

व्हाउचर

शंका अगदी बरोबर आहे, आणि तिचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे.

झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांत 'एकजुट' संस्थेने बायकांचे गट केले. महिन्यातून एकदा बैठक, गरोदरपण आणि बाळंतपणातल्या अडचणींवर आपसात चर्चा, उपाय त्यांनीच ठरवायचे. २०१० मध्ये निकाल आला: नवजात मृत्युदर ३२ टक्क्यांनी कमी. त्याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'स्नेहा' या संस्थेनेही असेच गट करून चाचणी घेतली. सायन हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या विभागात आयुष्य घालवलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. २०१२ मध्ये निकाल छापला: मृत्युदरात घट दिसली नाही. इथे बहुतेक बाळंतपणं आधीच हॉस्पिटलमध्ये होत होती, बायका कामाच्या रगाड्यात, आज एका वस्तीत तर उद्या भाडं वाढलं म्हणून दुसऱ्या. झारखंडच्या पाड्यावर जी जागा रिकामी होती ती इथे तशी नव्हती.

तो निकाल 'स्नेहा'ने सगळ्या जगासमोर ठेवला, याचं मला फार अप्रूप आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात 'हे आम्ही करून पाहिलं, उपयोग झाला नाही' असं वाक्य वार्षिक अहवालात छापणारे ट्रस्ट मी फार थोडे पाहिले. देणगी देण्याआधी मी आता संस्थेला हेच विचारते: तुम्ही कोणतं काम बंद केलंत आणि का? ज्यांच्याकडे उत्तर असतं ते काम तपासत असतात.

नायगावकर, एफटीएक्सबद्दल दुमत नाही. लोकांच्या ठेवी वापरणं ही अफरातफर, तिचा पैसा कुठेही गेला तरी. त्या चळवळीत अशा माणसाला इतकं डोक्यावर घेतलं गेलं याचा जाब तिथल्या लोकांनी द्यायलाच हवा. दूरच्या भविष्याबद्दल मला तुमच्यासारखंच वाटतं, मी त्या वाटेला जात नाही. मच्छरदाणी आणि लस मोजायला तिथपर्यंत जावं लागत नाही.

धर्मशाळेचं म्हणाल तर ती तशीच चालावी, आणि माझ्या घरातूनही तिथे जातं. भांडुपकरांच्या बाबांचं देऊळ, आईची वर्गणी, तुमची धर्मशाळा हे आपल्या माणसांशी, आपल्या जागेशी असलेलं नातं आहे, त्याला कोष्टक लावू नये. पण भांडुपकरांचे हे पाच हजार अजून कुणाचेच नाहीत. ज्याच्याशी आपलं नातं नाही, ज्याची जाहिरात आपल्या फोनवर येत नाही, अशा मुलाच्या वाट्याला काही जावं असं वाटत असेल तर तिथे हिशेबाशिवाय दुसरा वाटाड्या मला माहीत नाही.

सरकारच्या जबाबदारीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण माझा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. गडचिरोलीचं काम ३९ गावांतच राहिलं नाही. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासतात, ती योजना त्यातूनच आली. दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत जंताची गोळी देतात, तो राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला, त्याच्याही मागे अभ्यास होते. सरकारकडे पैसा आहे, यंत्रणा आहे. नवीन काही करून पाहण्याची, फसलं तर तसं सांगण्याची मोकळीक तिथल्या अधिकाऱ्याला क्वचित मिळते. ती जोखीम देणगीच्या पैशाने घ्यावी. मागणी करणाऱ्यांच्या हातातही मग नुसत्या तक्रारीऐवजी चाललेला नमुना असतो.

एम पूर्व

मी गोवंडी-मानखुर्द भागात आरोग्य स्वयंसेविका आहे. टीबीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आमच्याकडे एका खोलीत सहा-सात माणसं, खिडकी नाही, आणि एकाला झाला की बाकीच्यांची धास्ती. औषध सरकारकडून फुकट मिळतं. पोटात अन्न नसेल तर ते पचत नाही, पेशंट मध्येच गोळ्या सोडतो. झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. टीबीच्या पेशंटच्या घरातल्या बाकी माणसांनाही दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत फक्त पेशंटला शिधा मिळाला, त्यांच्या तुलनेत या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळ, बस.

सरकारची निक्षय मित्र योजना २०२२ पासून आहे. कुणीही नाव नोंदवून पेशंटला किमान सहा महिने पोषण किट देऊ शकतो: धान्य, डाळ, तेल, दूध पावडर किंवा शेंगदाणे. आमच्याकडे लोक नाव नोंदवतात, पहिल्या किटचा फोटो काढतात आणि तिसऱ्या महिन्यापासून फोन उचलत नाहीत. पेशंटचं वजन मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात धरायला लागतं. तुम्ही पाच हजार नियमित देणार असाल तर तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवी आहेत. वॉर्डाच्या टीबी अधिकाऱ्यांकडे चौकशी करा, आणि किट देताना एकट्या पेशंटपुरतं देऊ नका, घरात किती माणसं आहेत ते आधी विचारा. वजन दर महिन्याला आम्ही घेतोच, ते तुम्हाला विचारता येईल.

भांडुपकर

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते सांगतो. तीन हजार वाचनावर काम करणाऱ्या एका संस्थेला, दोन हजार टीबीच्या किटसाठी, सहा महिने ठाम, मग आढावा. पगार एक तारखेला येतो, दोन तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाकतोय. ऑपरेशनच्या जाहिरातींना आता हात आखडता.

ताई, दोन गोष्टी. मी नव्या करप्रणालीत आहे, ८०जी चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचं, काय? आणि संस्थेला पत्र लिहायचं तर नेमकं काय लिहू? आपण पाच हजारवाले, ते उत्तर देतील का?

व्हाउचर

नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत असणाऱ्यांनी दोन हजारांच्या वर रोख देऊ नये आणि वर्षअखेरीला संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. तुम्हाला ती चिंता नाही, तेव्हा निवड निव्वळ कामावर करा.

उत्तर देतील. नियमित देणारा माणूस, रक्कम लहान असली तरी, संस्थेला हवा असतो. मी पाठवते तो मजकूर खाली देते. विषय आणि रक्कम तुमची घाला.

"नमस्कार. मी दरमहा तीन हजार रुपये किमान सहा महिने देऊ इच्छितो. त्याआधी काही माहिती हवी आहे. गेल्या वर्षी कार्यक्रमात आलेल्या मुलांपैकी सुरुवातीला किती जणांना परिच्छेद वाचता येत होता आणि शेवटी किती जणांना? ही तपासणी कुणी केली, शिकवणाऱ्यांनी की दुसऱ्या कुणी? तुमचा कार्यक्रम नसलेल्या जवळच्या शाळेतल्या मुलांशी तुलना केली आहे का? दर मुलामागे वर्षाचा एकूण खर्च किती येतो, पगार आणि देखरेख धरून? गेल्या काही वर्षांत तुम्ही कोणता उपक्रम बंद केलात आणि का? आणखी तीन हजार मिळाले तर त्यातून नेमकं काय वाढेल? शक्य असल्यास एका वर्गाला भेट द्यायला आवडेल, मुलांच्या वेळेत आणि फोटो न काढता."